सीडीतील संगीत संगणकावर : एकदाच उतरवा, पण अचूक उतरवा

नवी दिल्ली : घरातील कपाटात जपून ठेवलेल्या संगीताच्या सीडींसमोर आज दुहेरी अडचण उभी आहे. नव्या लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्ह जवळपास नाहीसा झाला आहे आणि जुन्या तबकड्यांवर चरे, दमट हवा व वय यांचा परिणाम दिसू लागला आहे. शास्त्रीय गायनाच्या मैफली, नाट्यसंगीत किंवा लहान कंपन्यांनी काढलेली भक्तिगीते यांतील प्रत्येक ध्वनिमुद्रण ऑनलाइन मिळेलच, याची खात्री नसते. अशा वेळी सीडीतील संगीत संगणकावर उतरवून घेणे, म्हणजेच ‘रिपिंग’, हा जतनाचा सोपा मार्ग ठरतो. मात्र घाईने केलेली प्रत सदोष असू शकते आणि तो दोष कळेपर्यंत मूळ तबकडी निकामी झालेली असू शकते.

साधी ‘कॉपी’ पुरेशी का नाही?

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी विकसित केलेली ऑडिओ सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यात ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांत, दोन वाहिन्यांवर नोंदवलेले असतात. संगणकीय माहिती साठवणाऱ्या सीडीत त्रुटी सुधारण्यासाठी एक अतिरिक्त स्तर असतो. ऑडिओ सीडीत तो नसतो. चऱ्यामुळे काही भाग वाचता आला नाही आणि मूळ सुधारणा यंत्रणाही अपुरी पडली, तर सीडी प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज बांधून ती जागा भरतो. ऐकताना हे बहुधा लक्षात येत नाही. संगणकावर उतरवताना मात्र हाच अंदाज किंवा एखादा ‘टक्’ असा आवाज कायमचा नोंदला जातो.

यावर उपाय म्हणजे ‘सुरक्षित’ पद्धतीने वाचन करणारे सॉफ्टवेअर. विंडोजसाठी ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’, मॅकसाठी ‘एक्सएलडी’ आणि लिनक्ससाठी ‘व्हिपर’ ही प्रचलित साधने आहेत. ती शंकास्पद भाग पुन्हा पुन्हा वाचतात आणि अखेरीस अहवाल देतात. ‘ॲक्युरेटरिप’ या सुविधेद्वारे आपल्या प्रतीची बेरीज-खूण त्याच सीडीवरून इतरांनी काढलेल्या प्रतींशी ताडून पाहता येते. ती जुळल्यास प्रत अचूक असल्याचा भक्कम पुरावा मिळतो. मराठीतील किंवा अन्य भारतीय भाषांतील एखाद्या सीडीची नोंद तेथे न सापडल्यास तीच सीडी दोनदा, शक्यतो वेगळ्या ड्राइव्हवर, उतरवून दोन्ही खुणा जुळतात का हे पाहावे.

कोणते स्वरूप निवडावे?

एमपी३ स्वरूपात फाइल लहान करण्यासाठी ध्वनीचा काही भाग कायमचा वगळला जातो. ‘फ्लॅक’ स्वरूपात काहीही वगळले जात नाही. फाइल उलगडल्यावर सीडीवरील प्रत्येक नमुना जसाच्या तसा परत मिळतो. ॲपलची उपकरणे वापरणाऱ्यांसाठी ‘अलॅक’ हा तसाच पर्याय आहे. तासाभराचे संगीत सीडीवर सुमारे ६३५ एमबी जागा घेते. फ्लॅकमध्ये ते साधारण निम्म्यावर येते. म्हणजे शंभर सीडींचा संग्रह ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्येही मावू शकतो. प्रवासात ऐकण्यासाठी फ्लॅकवरून एमपी३ केव्हाही करता येते. उलट दिशेने गमावलेला ध्वनी परत येत नाही.

विलंबित आणि द्रुत ख्याल सलग गायिलेले असून ते वेगळ्या ट्रॅकमध्ये विभागले असतील, तर फ्लॅकचा आणखी एक लाभ होतो. योग्य प्लेअरवर दोन ट्रॅकमध्ये खंड पडत नाही. एमपी३मध्ये मात्र फाइलच्या टोकांना किंचित निःशब्द जागा वाढू शकते.

एक खबरदारी आवश्यक आहे. भारतात पन्नास-शंभर गाण्यांच्या ‘एमपी३ सीडी’ही मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या. त्यांतील फाइली थेट संगणकावर घ्याव्यात. त्यांचे फ्लॅकमध्ये रूपांतर केल्याने केवळ जागा वाढते, दर्जा नव्हे.

तयारी आणि नोंदी

लॅपटॉपला ड्राइव्ह नसल्यास यूएसबीने जोडता येणारा बाह्य ड्राइव्ह वापरता येतो. सीडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत पुसावी. गोलाकार पुसू नये. छापील बाजूही तितकीच जपावी, कारण ध्वनी धारण करणारा चकचकीत थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. तेथील खोल चरा सहसा दुरुस्त होत नाही. घरी ‘राइट’ केलेल्या सीडींतील रंगद्रव्य काळानुसार खराब होते. म्हणून त्या प्रथम उतरवाव्यात.

गाण्यांची नावे ‘म्युझिकब्रेंझ’सारख्या खुल्या नोंदसंग्रहातून आपोआप भरता येतात, मात्र ती तपासून घ्यावीत. राग, ताल, साथीदार आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष ही माहिती अनेकदा केवळ सीडीसोबतच्या पुस्तिकेत असते. ती देवनागरीत टाइप करावी आणि पुस्तिकेची पाने स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवावीत. संपूर्ण संग्रहाच्या किमान दोन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर ठेवावी, कारण हार्ड डिस्कही अचानक बंद पडू शकते.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी कलाकृतीचा न्याय्य वापर हे उल्लंघन मानले जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर या तरतुदीच्या कक्षेत ध्वनिमुद्रणेही आली. स्वतः विकत घेतलेल्या सीडीची स्वतःसाठी प्रत काढणे आणि ती प्रत इतरांना वाटणे किंवा विकणे यांत मूलभूत फरक आहे. काम पूर्ण झाल्यावरही मूळ सीडी टाकून देऊ नयेत. उतरवलेल्या प्रतीत पुढे काही शंका निर्माण झाली, तर अंतिम पुरावा तीच तबकडी असते.