स्वस्त कॅबिनेट, पण हवा खेळते का?

आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून कल्याणमार्गे लॅमिंग्टन रोड गाठणारा तरुण प्रोसेसर, रॅम पारखून घेतो. कॅबिनेट मात्र दिव्यांची रोषणाई बघून. गडबड तिथेच होते.

प्रोसेसर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. पंखा ती नाहीशी करत नाही, फक्त गरम हवा हलवतो. त्यामुळे आतलं तापमान खोलीपेक्षा खाली जाऊच शकत नाही, आणि मे महिन्यात शहापुरात खोलीच तापलेली असते! समोर अखंड काच असेल, तर पंखे कितीही असोत, हवा येणार कुठून? समोरासमोर खिडक्या असलेल्या घरासारखी रचना हवी: पुढच्या जाळीतून हवा आत, मागून-वरून बाहेर.

मग धूळ. हवा आत ढकलणाऱ्या पंख्यांचा जोर थोडा जास्त ठेवला, की आतला दाब किंचित वाढतो. फटींतून धूळ शिरण्याऐवजी हवाच बाहेर जाते, धूळ पुढच्या गाळणीवर अडते. भातझोडणीच्या दिवसांत ती गाळणी जरा जास्त वेळा धुवावी लागते, एवढंच.

आकाराचं सोपं आहे. मायक्रो-एटीएक्स बोर्ड फार तर २४४ मिलिमीटर लांब-रुंद, त्याला बुटकं कॅबिनेट पुरतं. ग्राफिक्स कार्डची लांबी तेवढी मोजावी. आणि स्वस्त कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस? त्यावर भिस्त ठेवू नये. कॅबिनेटवर वाचवलेले पैसे चांगल्या एसएमपीएसमध्ये घालावेत.