पिल्लाची लघवी आणि शेतघराचे आरोग्य

तामिळनाडूतील कुंभकोणमजवळचे गोविंदपुरम् हे गाव तेथील विठ्ठल-रुक्मिणी मंदिरामुळे अनेक मराठी भाविकांच्या परिचयाचे आहे. मंदिराच्या संस्थानाची तेथे गोशाळाही आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या भातपट्ट्यात घर, गोठा, धान्याची साठवण आणि पाण्याने भरलेली खाचरे एकमेकांपासून फार दूर नसतात. आपल्याकडील कोकणात आणि पूर्व विदर्भातील धानपट्ट्यातही चित्र याहून फारसे वेगळे नाही. अशा घरात राखणीसाठी कुत्र्याचे पिल्लू आणले की पहिल्याच आठवड्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: पिल्लू दिवसातून अनेक वेळा घरातच लघवी करते आणि ओरडूनही ऐकत नाही.

तक्रार किरकोळ वाटते. तिचे परिणाम मात्र किरकोळ नसतात. कंटाळलेली कुटुंबे असे पिल्लू बाजाराच्या ठिकाणी किंवा रस्त्याच्या कडेला सोडून देतात आणि भटक्या कुत्र्यांच्या संख्येत भर पडते. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. कुत्र्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग माणसांपर्यंत आणि गुरांपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे पिल्लाने कोठे आणि केव्हा लघवी करावी, हा प्रश्न शेतघराच्या आरोग्याचा ठरतो.

देशी कुत्र्यांकडे शेतकऱ्यांचे लक्ष पुन्हा वळत असताना या विषयाचे महत्त्व वाढले आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड या देशी जातींची नोंद केली आहे. मराठवाड्यात व लगतच्या भागात पश्मी आणि कारवान कुत्री शेतराखणीसाठी पूर्वीपासून पाळली जातात. जात कोणतीही असो, लहान पिल्लाच्या शरीराचे नियम सारखेच असतात.

वारंवार लघवी का होते?

जन्मानंतरचे सुमारे तीन आठवडे पिल्लू स्वतःहून लघवी करू शकत नाही. आई त्याचे पोट व मूत्रद्वाराचा भाग चाटते, तेव्हा विसर्जन होते आणि आई ते चाटून साफ करते. तीन आठवड्यांनंतर पिल्लू निजण्याच्या जागेपासून थोडे दूर सरकून लघवी करू लागते. झोपण्याची जागा कोरडी ठेवण्याची ही उपजत प्रवृत्ती पुढील संपूर्ण प्रशिक्षणाचा पाया आहे.

साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात पिल्लाच्या मनात विसर्जनासाठीचा पृष्ठभाग ठरू लागतो. मातीवर वाढलेले पिल्लू माती शोधते, सिमेंटच्या फरशीवर वाढलेले फरशी शोधते आणि गोणपाटावर वाढलेले गोणपाट. धान्याच्या पोत्यांवर लघवी करणारे पिल्लू खोडकर नसते; त्याच्या पायांना तो पृष्ठभाग ओळखीचा असतो. म्हणून पिल्लू आणताना ते कशावर वाढले, याची चौकशी जरूर करावी. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू आणूच नये. श्वान प्रजनन व विपणनविषयक 2017 च्या केंद्रीय नियमांनुसारही त्या वयाखालील पिल्लाची विक्री करता येत नाही.

मूत्राशय लहान आणि त्यावरील स्नायूंचा ताबा अपुरा, हे वारंवारतेचे मुख्य कारण आहे. हा ताबा साधारणपणे चार ते सहा महिन्यांच्या वयात येतो. व्यवहारात एक ठोकताळा उपयोगी पडतो: पिल्लाचे वय महिन्यांत मोजून त्यात एक मिळवावा, येणारा आकडा ही लघवी रोखून धरण्याच्या तासांची कमाल मर्यादा समजावी. दोन महिन्यांच्या पिल्लाची मर्यादा तीन तास येते. ही कमाल मर्यादा आहे. जागेपणी ते तास-दीड तासाच्या आत बाहेर नेणेच श्रेयस्कर.

आधी जागा, मग सवय

शहरातील घरात "बाहेर" एवढे सांगून भागते. शेतघरात बाहेर म्हणजे नेमके कोठे, हे ठरवावे लागते. निवडलेली जागा विहीर, हातपंप व पाणवठ्यापासून दूर असावी. गोठा, चाऱ्याची गंजी, धान्य वाळविण्याचे खळे आणि भाजीचे वाफे यांच्या जवळ ती नसावी. तेथून वाहणारे पावसाचे पाणी खाचरात किंवा गुरांच्या पाण्याच्या टाकीत जाता कामा नये. उन्हाची, निचऱ्याची, थोडी उंच अशी मातीची जागा उत्तम. विष्ठाही तेथेच पडेल आणि ती रोज उचलून खोल पुरता येईल. कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यात मिसळणारा निओस्पोरा हा परजीवी गाईंमध्ये गर्भपात घडवितो, ही बाब दुग्धव्यवसाय करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी.

जागा एकदा ठरली की बदलू नये. पहिल्या दिवशी पिल्लाच्या लघवीने भिजलेली थोडी माती तेथे नेऊन टाकावी. कुत्र्याचे घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असते. स्वतःचा जुना वास त्याला तेथे पुन्हा लघवी करण्यास प्रवृत्त करतो.

वेळापत्रक

पुढील प्रत्येक प्रसंगी पिल्लाला स्वतः उचलून किंवा दोरीने त्या जागी न्यावे:

• झोपेतून उठल्याबरोबर, सकाळी तसेच दुपारीही
• खाणे-पिणे झाल्यावर पाच ते तीस मिनिटांच्या आत
• खेळणे थांबल्यावर
• रात्री झोपण्यापूर्वी आणि लहान वयात मध्यरात्री एकदा
• जमीन हुंगत गोल फिरणे, खेळ सोडून अचानक दाराकडे जाणे ही चिन्हे दिसताच

तेथे गेल्यावर खेळू नये. पाच मिनिटे शांत उभे राहून एखादा ठरावीक शब्द उच्चारावा. लघवी पूर्ण होताच एक-दोन सेकंदांत शाबासकी द्यावी, भाकरीचा लहान तुकडा द्यावा. घरात परतल्यानंतर दिलेले बक्षीस पिल्लाच्या मनात लघवीशी जोडले जात नाही. पाच मिनिटांत काही न झाल्यास आत आणून नजरेखाली ठेवावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा न्यावे.

नजर ठेवणे शक्य नसेल तेव्हा पिल्लासाठी लहान, हवेशीर व सावलीतील जागा करावी. लाकडी खोक्यात किंवा पडवीच्या कोपऱ्यात आडोसा करून ते पाय पसरून झोपेल आणि वळू शकेल एवढीच ऐसपैस जागा द्यावी. झोपण्याची जागा ओली न करण्याची उपजत प्रवृत्ती येथे साहाय्य करते. मात्र वर सांगितलेल्या तासांच्या मर्यादेपलीकडे कोंडून ठेवल्यास हीच प्रवृत्ती कायमची मोडते.

पाणी तोडणे हा उपाय नव्हे. त्यामुळे मूत्र दाट होते, मूत्रमार्गाचे विकार बळावतात आणि उन्हाळ्यात जिवावर बेतू शकते. खाण्याच्या वेळा मात्र ठरवाव्यात. दिवसभर पुढ्यात अन्न ठेवल्यास विसर्जनाच्या वेळांचा अंदाज बांधता येत नाही.

पिकावरील किडींचे सर्वेक्षण करताना शेतकरी नोंदवही ठेवतात. तीच पद्धत येथे वापरावी. पाच दिवस तारीख, वेळ, ठिकाण आणि आधीची कृती अशा चार रकान्यांत नोंद केली की बहुतेक अपघात ठरावीक वेळी व ठरावीक जागीच घडतात, असे आढळते. दोष पिल्लापेक्षा वेळापत्रकातील फटीत असतो. ती फट बुजवली की घरातील अपघात कमी होऊ लागतात.

शिक्षा का करू नये?

लघवीत नाक घासणे, चापट मारणे, नंतर ओढत नेऊन ओरडणे या प्रकारांतून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे. मग ते पोत्यांमागे, पलंगाखाली, माळ्याच्या कोपऱ्यात लघवी करू लागते आणि मालक जवळ असताना बाहेरही करीत नाही. कृती चालू असतानाच दिसल्यास टाळी वाजवून थांबवावे व लगेच ठरलेल्या जागी न्यावे. घटना घडून गेल्यावर केवळ साफसफाई करावी.

काही पिल्ले मालक जवळ येताच अंग चोरून, कान पाडून थोडी लघवी सोडतात. हे भीतीचे व शरणागतीचे लक्षण आहे. येथे रागावल्यास प्रकार वाढतो. वरून वाकून हात न लावता खाली बसून, बाजूने, शांतपणे जवळ घेतल्यास बहुतेक पिल्लांमध्ये तो वयाबरोबर थांबतो.

घरातील जागेची स्वच्छता

वास उरला तर पिल्लू पुन्हा तेथेच येते. ओल आधी जुन्या फडक्याने किंवा राखेने पूर्ण टिपून घ्यावी, नंतर साबणाच्या पाण्याने धुवावे. फरशीवर सौम्य केलेले व्हिनेगर किंवा खाण्याचा सोडा वापरता येतो. पाळीव प्राण्यांसाठीची विकरयुक्त स्वच्छता द्रावणे अधिक परिणामकारक असतात. सारवलेल्या जमिनीत मूत्र मुरते, म्हणून तेथील वरचा थर खरवडून काढून नव्याने सारवावे. अमोनियायुक्त द्रावणे टाळावीत. त्यांचा वास मूत्राच्या वासाशी मिळताजुळता असतो. फिनेलसारखी द्रावणे पिल्लाच्या पायांना लागून चाटण्यातून पोटात जाऊ शकतात. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट थेट लघवीवर टाकू नये. त्यातून क्लोरामाइन हा घातक वायू निघतो. जागा धुऊन झाल्यावर निर्जंतुकीकरणासाठी त्यांचा सौम्य द्रावणाच्या रूपात वापर करावा आणि जागा वाळेपर्यंत पिल्लाला दूर ठेवावे.

भातपट्ट्यातील धोका : लेप्टोस्पायरोसिस

जर्मन वैद्य अडॉल्फ वाइल यांनी 1886 मध्ये या रोगाच्या तीव्र स्वरूपाचे वर्णन केले आणि जपानमधील इनाडा व इडो यांनी 1915 मध्ये त्याचा जिवाणू शोधला. उंदीर-घुशी हे या जिवाणूचे प्रमुख वाहक. कुत्री आणि गुरेही वाहक असतात. जिवाणू मूत्रपिंडात वस्ती करतो. त्यामुळे वरकरणी निरोगी दिसणारे जनावरही दीर्घकाळ मूत्रावाटे तो बाहेर टाकू शकते. ओलसर मातीत व साचलेल्या पाण्यात तो कित्येक आठवडे टिकतो. कोरडेपणा व ऊन त्याला मारक ठरतात. पायांवरील जखमा, भेगा, तसेच डोळे-नाक-तोंडाच्या नाजूक त्वचेतून तो शरीरात शिरतो. खाचरात अनवाणी काम करणाऱ्यांना धोका अधिक असल्याने भातशेतीच्या अनेक प्रदेशांत हा रोग भातखाचरांशी जोडला गेला आहे. मुंबईत 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर त्याची मोठी साथ आली होती.

पिल्लाच्या लघवीसाठी उन्हाची, निचऱ्याची जागा सुचविण्यामागे हेच कारण आहे. लघवी साफ करताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत, हाता-पायांच्या जखमा झाकाव्यात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पिल्लाला लेप्टोस्पायरोसिसची लस द्यावी. प्रारंभी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि पुढे दरवर्षी एक, असा सर्वसाधारण क्रम असतो. लस तिच्यात समाविष्ट असलेल्या उपप्रकारांपासूनच संरक्षण देते, म्हणून स्वच्छता व उंदीर नियंत्रण सोडता येत नाही. कावेरीच्या खोऱ्यात उंदरांसाठी वापरला जाणारा बांबूचा तंजावर धनुष्य-सापळा हा पिल्लू असलेल्या घरी विषारी आमिषाला विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. तोही पिल्लू पोहोचणार नाही अशा ठिकाणीच लावावा. घरातील कोणास ताप, तीव्र स्नायुदुखी, लाल डोळे किंवा कावीळ आढळल्यास डॉक्टरांना कुत्रा, गुरे व खाचरातील कामाची माहिती आवर्जून द्यावी.

सवय की आजार?

वेळापत्रक नीट पाळूनही सुधारणा नसेल तर पशुवैद्यकाकडे जावे. थेंब थेंब लघवी होणे, कुंथणे, लघवीत रक्त किंवा तीव्र दुर्गंध ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची किंवा खड्यांची चिन्हे असू शकतात. मादी पिल्लाचे अंग सतत ओले राहत असेल, झोपेतही लघवी गळत असेल, तर मूत्रवाहिनीचा जन्मजात दोष संभवतो. अशा पिल्लाला कितीही शिकवले तरी उपयोग नाही. त्याला उपचार हवेत. अतिशय तहान, उलटी, ताप, गडद पिवळी लघवी दिसल्यास त्याच दिवशी तपासणी करावी.

आणखी एक कारण शेतघरातच आढळते. गोचीड व पिसवा मारण्यासाठी क्लोरपायरीफॉससारखी पिकावरील कीटकनाशके पाण्यात मिसळून कुत्र्याच्या अंगाला लावली जातात. ही सेंद्रिय फॉस्फरस व कार्बामेट गटांतील रसायने किडींच्या मज्जासंस्थेतील असिटिलकोलिनएस्टरेज या विकराला निकामी करतात. तोच विकर कुत्र्याच्या शरीरातही असतो. परिणामी लाळ गळणे, डोळ्यांतून पाणी, आपोआप लघवी व हगवण, बाहुल्या बारीक होणे, थरथर आणि शेवटी श्वास थांबणे अशी लक्षणे दिसतात. पिल्लाचे वजन कमी असल्याने अल्प मात्राही प्राणघातक ठरते. पिल्लू एकाएकी जागोजागी लघवी करू लागले आणि लाळही गाळत असेल, तर त्याला शिस्त लावण्यात वेळ दवडू नये. अंगावर औषध लागले असल्यास हातमोजे घालून साबणाच्या भरपूर पाण्याने धुवावे आणि औषधाचे वेष्टन सोबत घेऊन तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे. वेळेत उपचार मिळाल्यास अ‍ॅट्रोपिनसारखे प्रतिविष उपयोगी पडते. गोचिडांसाठी केवळ पशुवैद्यकाने सुचविलेली, कुत्र्यांसाठीचीच औषधे वापरावीत. फवारणीचे पंप, रिकाम्या बाटल्या व विषारी आमिषे पिल्लाच्या आवाक्याबाहेर ठेवावीत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकऱ्याच्या भेटीत पाच प्रश्न पुरेसे आहेत: पिल्लाचे वय किती, लघवीची जागा कोठे ठरविली आहे, तेथील पाणी कोठे वाहते, लस झाली आहे का, गोचिडांसाठी काय वापरले? या उत्तरांतून सवय, रोग आणि विषबाधा यांतील नेमका प्रश्न कोणता, याचा बराच उलगडा होतो. जागा एक, वेळा ठरलेल्या आणि घरातील सर्वांचे वागणे सारखे असेल, तर निरोगी पिल्लू सहा महिन्यांचे होईपर्यंत सहसा घर कोरडे ठेवण्यास शिकते. असे कुत्रे पुढे अनेक वर्षे शेताची राखण करते आणि त्याच्यामुळे पाणवठा, गोठा व खाचर दूषित होण्याचा धोकाही कमी राहतो.