श्टुटगार्टचे वार्तापत्र : बालकांचे वाढदिवस आणि त्यांची निमंत्रणे



परभणीहून अलीकडे जी पत्रे व छायाचित्रे येतात, त्यांत मुलांच्या वाढदिवसांचा थाट उत्तरोत्तर वाढत चाललेला दिसतो. मंगल कार्यालयाची आगाऊ नोंदणी, चौकात उभारलेला फलक, ध्वनिक्षेपक, तीनचारशे पानांची सरबराई, आणि ज्याच्यासाठी हा सारा इतमाम करावयाचा ते बालक केक कापण्याची वेळ येईपर्यंत मामाच्या खांद्यावर गाढ झोपी गेलेले, हे दृश्य पाहून मन विषण्ण होते. म्हणून या खेपेस जर्मनीचे राजकारण व कारखानदारी बाजूस ठेवून, मुंबईशी १९६८ पासून भगिनीनाते जोडलेल्या या शहरात लहान मुलांचा वाढदिवस कसा होतो, त्याची कैफियत सादर करीत आहे.

प्रथम निमंत्रणाविषयी. येथे निमंत्रणपत्रिका सहसा छापखान्यात जात नाही. ती स्वयंपाकघरातील मेजावर, कात्री, खळ आणि रंगीत पुठ्ठा घेऊन, आई किंवा बाप आणि ज्याचा वाढदिवस आहे ते मूल असे दोघे मिळून तयार करतात. वाढदिवसाचा विषय आधी ठरतो, आणि तो ठरविण्याचा अधिकार मुलाचा असतो. त्या वर्षी त्याला चाचेगिरीचे वेड लागले असेल तर पत्रिका गलबताच्या आकाराची, कडा चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेली. गुप्तहेरांचे वेड असेल तर मजकूर सांकेतिक लिपीत, जो पाहुण्याने घरी बसून उलगडावयाचा. मजकूर मात्र सरकारी परिपत्रकासारखा काटेकोर असतो : तारीख, आरंभाची वेळ दुपारी तीन, समाप्तीची वेळ संध्याकाळी सहा, सोबत काय आणावे (चिखलातले बूट, पोहण्याचे कपडे), कोणता पदार्थ मुलाला वर्ज्य आहे ते कळवावे, आणि येणार की नाही याचे उत्तर अमुक दिवसापर्यंत द्यावे. समाप्तीची वेळ पत्रिकेवर लिहिणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाईल. येथे त्या वेळेस आईबाप आपापल्या मुलांना नेण्यासाठी दारात हजर होतात.

पाहुण्यांच्या संख्येचाही एक रूढ दंडक आहे. मुलाला जितकी वर्षे पूर्ण होतील तितकेच सवंगडी बोलवावेत. पाच वर्षांच्या मुलाला पाच, सात वर्षांच्या मुलीला सात. हा कायदा नव्हे आणि तो सर्वत्र पाळला जातो असेही नव्हे. तथापि त्यामागील विचार मला मनापासून पटतो. यजमान मुलाला प्रत्येक पाहुण्याचे नाव ठाऊक असते, प्रत्येकाशी त्याला खेळता येते, आणि कोणाला बोलवावे याची यादी करताना मैत्री म्हणजे काय याचा पहिला विचार त्याला स्वतः करावा लागतो. भेटवस्तूंचीही अशीच तजवीज असते. पुष्कळ ठिकाणी खेळण्यांचे दुकानदार त्या मुलाच्या नावाने एक पेटी ठेवतात. मुलाने आपल्या आवडीच्या लहानमोठ्या वस्तू तीत आधीच ठेवलेल्या असतात, आणि पाहुण्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे तीतून एक उचलावयाची. एकच वस्तू चार वेळा येणे, किंवा नको असलेली वस्तू कपाटात पडून राहणे, हे दोन्ही प्रकार टळतात.

खेळांत फार खर्च नाही. एका खेळात मुलाचे डोळे बांधून हाती लाकडी चमचा देतात, आणि तो गुडघ्यांवर रांगत, जमिनीवर चमचा आपटीत, पालथे घातलेले भांडे शोधतो. तो जवळ आला की बाकीची मुले ‘गरम, गरम’ म्हणून ओरडतात, दूर गेला की ‘थंड’. भांड्याखाली खाऊ असतो. दुसऱ्यात फासे टाकून ज्याला सहा पडतील त्याने टोपी, गळपट्टा व हातमोजे चढवून, सुरीकाट्याने चॉकलेटची वडी कापून खावयाची, आणि पुढच्याला सहा पडताच सारे उतरवून द्यावयाचे. सर्वांत मोठा मान खजिन्याच्या शोधाचा. ठरलेल्या विषयास अनुसरून बापाने आदल्या रात्री चिठ्ठ्या लिहिलेल्या असतात, त्या झाडाच्या ढोलीत, बाकाखाली, शेजारणीच्या खिडकीत दडवलेल्या असतात, आणि एका चिठ्ठीतून दुसरीचा पत्ता लागत लागत मुले अखेरीस पेटीपर्यंत पोहोचतात. या साऱ्यात गलका होतोच, आणि या देशात शांततेचे नियम कडक आहेत, रविवारी तर विशेषच. परंतु बालोद्याने व बालवाड्या यांतून येणारा मुलांचा आवाज सामान्यतः उपद्रव मानू नये, अशी तरतूद २०११ साली कायद्यातच करण्यात आली.

वाढदिवसाचे हे प्रेम जुने आहे. हेर्नहूट बंधुसंघाचे प्रमुख काउंट त्सिन्त्सेंडॉर्फ यांच्या १७४६ सालच्या वाढदिवसाला, जेवढी वर्षे तेवढ्या मेणबत्त्या खोचलेला प्रचंड केक झाल्याचे वर्णन उपलब्ध आहे. शेजारच्या कॅथलिक बव्हेरियात मात्र जन्मदिवसापेक्षा, ज्या संताचे नाव ठेवले त्याचा दिवस पाळण्याची चाल दीर्घकाळ होती. १ जानेवारी १८७६ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात जन्माची नोंद सरकारी दफ्तरात होऊ लागली, आणि तारीख निःसंदिग्ध झाली. हे वाचताना आपल्या परभणी जिल्ह्यातील आजोबांची पिढी डोळ्यांपुढे येते. निजामी अंमल १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपल्यानंतरही कित्येक वर्षे खेड्यापाड्यांतून जन्माची नोंद होत नसे. शाळेत दाखल करताना गुरुजी मुलाकडे पाहून वय ठरवीत आणि १ जून ही तारीख लिहून टाकीत. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, कोठेही जा, १ जूनला जन्मलेली माणसे घरोघरी भेटतील. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९६९ साली झाला. ज्यांना स्वतःचा वाढदिवस कधी लाभलाच नाही, त्यांनी नातवाचा वाढदिवस गावभर गाजवावा, यातील माया मी जाणतो, आणि म्हणूनच त्या थाटाविषयी कठोर बोलवत नाही.

शिवाय येथील रीत सर्वस्वी निर्दोष नाही. पत्रिका एका मुलाच्या नावाने येते. त्याच्या धाकट्या भावाने घरी थांबावयाचे, आईने दारातूनच परतावयाचे. आपल्याकडे आवतण घराला असते, आणि चूलबंद आवतण मिळाले की त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. वर्गातील अर्ध्याच मुलांना पत्रिका मिळाल्या असता उरलेल्यांचे उतरलेले चेहरे मी पाहिले आहेत, आणि त्यावर या देशाने काही उपाय काढलेला नाही.

परंतु विषय धरून सोहळा रचण्याची कला आपल्याला परदेशातून शिकण्याची गरज नाही, हे मला येथे आल्यावर उमगले. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही होणारे बोरन्हाण पाहा. बालकाला काळे झबले, अंगावर हलव्याचे दागिने, मुकुट आणि बासरी; डोक्यावरून ओतण्यासाठी बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या; आणि भोवती जमलेल्या मुलांनी ते लुटून ओच्यात भरून घरी न्यावयाचे. वेष, खाद्य, खेळ आणि परतीची भेट या चारही गोष्टी एकाच सूत्रात ओवलेल्या, त्याही परभणीच्या बाजारात पौष महिन्यात जे सहज मिळते त्यातूनच. येथील मराठी कुटुंबे अलीकडे जर्मन शेजाऱ्यांच्या मुलांनाही बोरन्हाणास बोलावतात, पतंगाच्या आकाराची पत्रिका मुलांकडून कापून घेतात, आणि तीत समाप्तीची वेळ न लिहिता भावंडांना व आईवडिलांना अवश्य घेऊन यावे असे लिहितात. चुरमुरे येथील भारतीय दुकानांत मिळतात. बोरांच्या जागी द्राक्षे चालवून घ्यावी लागतात. हलव्याचे दागिने मात्र मंद आचेवर तिळावर पाक चढवीत बसणाऱ्या हातांशिवाय होत नाहीत; ते परभणीहून मागवावे लागतात, आणि टपालाची मुदत ध्यानात घेता मार्गशीर्ष लागताच सांगून ठेवलेले बरे.