दुष्काळी खर्चाची मर्यादा कोण ठरवितो?

बारामती व इंदापूर तालुक्यांतील वर्गणीदार व ग्रामस्थ यांस निवेदन

वर्गणीसाठीं दारोदार जाणाऱ्यांस एक प्रश्न हटकून विचारला जातो. दुष्काळ निवारणें हें सरकारचें काम; सरकारला आम्ही कर देतों; मग पुन्हा ही वर्गणी कशासाठीं? प्रश्न रास्त आहे, आणि "सरकारकडे पैसा नाहीं" एवढ्या उत्तरानें त्याची बोळवण करणें रास्त नव्हे. पैसा किती आहे, याइतकेंच तो कोणत्या सदराखालीं, कोणाच्या संमतीनें व किती मर्यादेपर्यंत खर्चतां येतो, हेंही महत्त्वाचें आहे. तें वाचकांस समजावून द्यावें, या हेतूनें हें प्रकरण अहवालांत घातलें आहे.

दोन तालुके, दोन परिस्थिति

नीरा डावा कालवा हा या भागाचा प्राण होय. १८७६-७७ च्या दुष्काळांत मजुरांस काम मिळावें म्हणून त्याचें खोदकाम हातीं घेण्यांत आलें, आणि १८८५ सालीं त्यांतून पाणी वाहूं लागलें. दुष्काळी खर्च वायां जातो असें म्हणणाऱ्यांनीं हा कालवा एकदां डोळ्यांनीं पाहावा. परंतु कालव्याच्या भिजेंतील गांवीं ऊंस डोलत असतां त्याच बारामती तालुक्याच्या सुपें-मोरगांव बाजूस पाऊस चुकला कीं विहिरी तळ गांठतात. इंदापुरांतही पाणी सर्वत्र पोहोंचत नाहीं. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं महाराष्ट्र सरकारनें ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हां बारामती 'गंभीर' व इंदापूर 'मध्यम' या वर्गांत होता. त्या वेळीं जमीन-महसुलांत सूट, पीक-कर्जाचें पुनर्गठन, कृषिपंपांच्या वीज-बिलांत ३३.५ टक्के सवलत, परीक्षा-शुल्काची माफी वगैरे सवलती मिळाल्या. ज्याची जमीन, ज्याचें कर्ज, ज्याचा पंप, त्यास त्या उपयोगी पडल्या. ज्याजवळ दोन हातांखेरीज कांहीं नाहीं, त्याच्या वांट्यास त्या यादींतून एकच मोठी गोष्ट येते, आणि ती म्हणजे रोजगार हमीचें काम.

मर्यादेचा पूर्वेतिहास

खर्चाची मर्यादा आधीं व माणसें मागाहून, असा क्रम लागला म्हणजे काय होतें, हें या जिल्ह्यानें १८७७ सालीं पाहिलें. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं काटकसरीच्या धोरणानें सर रिचर्ड टेंपल यांस पाठविलें. त्यांनीं मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वरखर्चास थोडे पैसे इतकी खालीं आणली. एक पौंड म्हणजे सुमारें ३९ तोळे, अर्ध्या शेरासही थोडें कमीच. दिवसभर खडी फोडणाऱ्यास तें पुरेना. हजारों मजूर कामें सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची कैफियत सरकारपुढें मांडली.

पुढें १८७८ पासून दुष्काळ-विम्यासाठीं दरसाल दीड कोट रुपये बाजूस ठेवण्याचें ठरलें व त्याकरितां नवे कर बसले. अफगाण युद्ध सुरू होतांच तें वचन मागें पडलें. कर मात्र राहिले. यावरून बोध इतकाच कीं, उद्देश भाषणांत सांगितलेला असून कायद्यांत बांधलेला नसेल, तर तिजोरीस अडचण आली कीं प्रथम तोच सुटतो.

विधिमंडळास काय करतां येतें?

१८९२ च्या कायद्यानें लोकपक्षाच्या सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. मत देण्याची नाहीं. तशाही स्थितींत २६ मार्च १९०२ रोजीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं, दुष्काळानें गांजलेल्या देशांत तिजोरींत शिल्लक उरणें हें भरभराटीचें लक्षण नव्हे, असें आंकड्यांनिशीं दाखविलें. पुढल्याच वर्षीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

१९५० पासून आपल्या राज्यघटनेनें मताचा अधिकार दिला. परंतु त्याची रीत ध्यानांत घ्यावी. घटनेच्या २०३ व्या कलमान्वयें विधानसभेस एखादी मागणी मान्य करतां येते, नाकारतां येते किंवा कमी करतां येते. वाढवितां येत नाहीं. मागणी मांडावयाची ती राज्यपालांच्या शिफारशीनें, म्हणजे व्यवहारतः मंत्रिमंडळानेंच. मागण्या मंजूर झाल्यावर येणाऱ्या विनियोजन विधेयकांतही रक्कम बदलणारी दुरुस्ती सुचवितां येत नाहीं. यामुळें एक चमत्कारिक प्रकार घडतो. दुष्काळासाठीं अधिक पैसा द्या असें म्हणूं इच्छिणाऱ्या आमदारांस, त्याच मागणींतून पैसे कमी करा, अशी कपात-सूचना द्यावी लागते. रक्कम घटावी हा तिचा हेतु नसतो. चर्चेस तोंड फुटावें हा असतो. वर्षाच्या मध्यें खर्च वाढला, तर सरकारनें पुरवणी मागण्या आणावयाच्या. तोंवर निकड भागविण्यास आकस्मिकता निधि असतो.

याशिवाय, केंद्रानें २००३ सालीं व महाराष्ट्रानें २००५ सालीं वित्तीय उत्तरदायित्वाचे कायदे करून तुटीस आळा घातला. मर्यादेच्या बाजूचें म्हणणें पोकळ नाहीं. आज काढलेल्या कर्जाचें व्याज उद्यांच्या शाळा, रस्ते व दवाखाने यांच्या पैशांतूनच द्यावें लागतें. उलट बाजूचें म्हणणें असें कीं, दुष्काळ अंदाजपत्रक वाचून येत नाहीं, आणि काम एक वर्ष पुढें ढकलतां आलें तरी पोट ढकलतां येत नाहीं.

महाराष्ट्रानें काढलेली तोड

या वादावर महाराष्ट्रानें जो मार्ग काढला, त्याचें श्रेय मुख्यतः विधान परिषदेचे सभापति कै. वि. स. पागे यांस आहे. १९६५ सालीं त्यांनीं तासगांव तालुक्यांत हा प्रयोग करविला. १९७२ च्या दुष्काळानें त्याची निकड पटविली. १९७७ सालीं विधिमंडळानें रोजगार हमीचा कायदा मंजूर केला, व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. त्याकरितां शहरांतील नोकर व धंदेवाले यांवरील व्यवसाय-करासारखे कर लावले, त्यांच्या उत्पन्नाइतकीच रक्कम सरकारनें घालावी असें ठरविलें, आणि या सर्वांचा स्वतंत्र निधि केला. काम मागणाऱ्यास १५ दिवसांच्या आंत काम द्यावयाचें. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. त्या निधीचा पैसा पुरा वापरला जात नाहीं, अशी टीका पुढें झाली. तरी तत्त्व पक्कें झालें कीं, येथें खर्च ठरवितो तो काम मागणारा. विधानसभेंत आमदारांस जी रक्कम वाढवितां येत नाहीं, ती मजुराच्या अर्जानें वाढूं शकते!

२००५ सालीं संसदेनें हेंच तत्त्व १०० दिवसांपुरतें देशभर लागू केलें. डिसेंबर २०२५ मध्यें त्याच्या जागीं नवा कायदा मंजूर झाला. त्यांत दिवस १२५ झाले. परंतु बहुतेक राज्यांवर ४० टक्के भार आला, आणि केंद्रानें नेमून दिलेल्या रकमेपलीकडील खर्च राज्यानें सोसावा असें ठरलें. दिवस वाढले असें सरकारपक्ष म्हणाला. मागेल तितकें काम ही हमीच गेली असें विरोधी पक्ष म्हणाला. कोणाचें कांहींही असो, आमच्या दृष्टीनें परिणाम एक: नेमून दिलेली रक्कम संपल्यावर पुढील मजुरी मिळेल कीं नाहीं, याचा निकाल मुंबईच्या अंदाजपत्रकांत व पुरवणी मागण्यांत लागावयाचा आहे.

आमची विनंति

ग्रामस्थांस विनंति कीं, काम हवें असल्यास तोंडी सांगून स्वस्थ बसूं नये. ग्रामपंचायतींत लेखी अर्ज द्यावा व तारखेची पोंच घ्यावी. ज्या गांवचे अर्ज नाहींत, त्या गांवास गरज नाहीं असेंच कागदोपत्रीं दिसतें, आणि पुढली मागणी त्या कागदांवरूनच ठरते.

सुशिक्षितांस विनंति कीं, त्यांनीं अर्ज लिहून देण्यास हातभार लावावा, आणि पुरवणी मागण्यांत आपल्या तालुक्याच्या कामांसाठीं काय आलें याची विचारणा आपल्या आमदारांकडे करावी.

राहिला आरंभींचा प्रश्न. मजुरी कायद्यानें मिळेल. पण ती हातीं पडेपर्यंतचे दिवस, काम न होणारे वृद्ध व आजारी, बाळंतिणी, आणि दावणीचीं गुरें यांची सोय मजुरीच्या सदरांत बसत नाहीं. वर्गणी मागावयाची ती एवढ्यासाठींच. सरकारनें करावयाचें तें सरकारकडून हक्कानें घ्यावें, व उरलें तें आपण सर्वांनीं यथाशक्ति भरून काढावें, ही विनंति.