राळेत मुरलेला रंग

अमेरिकेत गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींतल्या काहींना दुकानातला तयार रॉड चालत नाही. ते ग्रॅफाइटची किंवा फायबरग्लासची पोकळ काठी, म्हणजे ब्लँक, विकत आणतात. दोरी ज्यांतून धावते त्या कड्या तिच्यावर दोऱ्याचे वेढे देत बांधतात आणि त्या दोऱ्यावर इपॉक्सीचा पारदर्शक थर चढवतात. पूर्वी तिथे व्हार्निशचे अनेक हात द्यावे लागत. इपॉक्सीने ते काम एक-दोन हातांवर आणले, आणि तिचा थर जाड असल्याने त्याच्या आत रंग खेळवायला जागाही मिळाली.

पण इपॉक्सी रंगाचे फार लाड करत नाही. व्हार्निश वाळते ते त्यातला द्रावक उडून गेल्यावर, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन. इपॉक्सीत राळ आणि तिला कठीण करणारा हार्डनर यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचे घट्ट जाळे तयार होते. रॉडसाठीची बहुतेक मिश्रणे समभागाची असतात: 3 मिलिलिटर राळ असेल तर हार्डनरही 3 मिलिलिटरच, आणि दोन्हींसाठी वेगळ्या सिरिंज. सिरिंजच्या रबरी दट्ट्याला सिलिकोनचे वंगण असेल, तर तेवढ्यानेही थरात खळगे पडतात. रंग या जुळणीत भाग घेत नाही, नुसता अडकून राहतो. म्हणून आधी दोन्ही भाग नीट एकजीव करायचे आणि मगच कोरडी रंगपूड किंवा चमकदार अभ्रकाची पूड घालायची, तीही टूथपिकच्या टोकावर मावेल एवढीच. द्रावक असलेला तयार रंग भरपूर ओतला, तर द्रावक आत कोंडतो आणि थर मऊ राहतो. अल्कोहोलमधल्या शाया सुंदर पारदर्शक दिसतात, पण त्यांतल्या बऱ्याचशा उन्हात फिकट होतात. दिवसभर उन्हात राहणाऱ्या रॉडसाठी मी तरी पूडच निवडेन.

या कलेचा खरा बहर दिसतो तो संगमरवरी नक्षीत. आधी काळा किंवा पांढरा अपारदर्शक थर देऊन तो पक्का होऊ द्यायचा. मग वेगवेगळ्या कपांत रंगवलेल्या इपॉक्सीचे थेंब मोटरवर सावकाश फिरणाऱ्या रॉडवर सोडायचे आणि टूथपिकने ओढून त्यांच्या शिरा काढायच्या. मिश्रण फार पातळ असताना घाई केली, तर सगळे रंग एकमेकांत मिसळून गढूळ होतात; थोडे दाट होऊ दिले की शिरा टिकतात. बुडबुडे स्पिरिटच्या दिव्याची ऊब क्षणभर दाखवून घालवायचे. त्यानंतरही मोटर काही तास रॉड फिरवत राहते, नाहीतर इपॉक्सी खाली ओघळून एका बाजूला साचते. दोन-तीन रंगांवर थांबलेली नक्षी मला सर्वांत देखणी वाटते.

ही नक्षी बहुधा मुठीजवळच असते. रॉडच्या शेंड्याला थोडेसे वजन वाढले तरी त्याची लवचीक चपळाई मंदावते, आणि माशाने आमिषाला लावलेले हलके तोंड हाताला कळेनासे होते. म्हणून शेंड्याकडच्या कड्यांवर जाणते कारागीर बिनरंगी इपॉक्सीचा एकच पातळ हात देतात.