दुखणे एकाचे, काम साऱ्या घराचे

मांडवा जेट्टीवर बोटीची वाट पाहणाऱ्या गर्दीत, पर्यटकांच्या जोडीने, आणखी एक प्रवासी आपणांस दिसेल. त्याच्या काखेत तपासण्यांची फाईल असते. शेजारी उभ्या असलेल्या पत्नीच्या पिशवीत डबा आणि दुपारच्या गोळ्या असतात. मुंबईच्या रुग्णालयाने दिलेली तारीख गाठायची असते. पावसाळ्यात लाँच बंद असतात. त्यात हवा बिघडून रो-रोही थांबली, तर पेण-पनवेलचा लांबचा रस्ता धरावा लागतो.

केसपेपरवर मधुमेहाची किंवा मूत्रपिंडाच्या विकाराची नोंद होते. त्या दिवशी कोणाचा रोज बुडाला, रात्री कोण जागले, हे तेथे लिहिले जात नाही. हा न लिहिलेला भागच अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ॲन्सेल्म स्ट्रॉस (१९१६–१९९६) यांनी आपल्या अभ्यासाचा विषय केला.

१९६० मध्ये ते सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या परिचर्या विभागात दाखल झाले. आसन्नमरण रुग्णांशी रुग्णालयात कसे बोलले जाते, यावरचे बार्नी ग्लेझर यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये आले. पुढे त्यांचे लक्ष दीर्घकालीन आजारांकडे वळले. हे आजार रुग्णालयात थोडे आणि घरात फार जगले जातात. परिचारिका असलेल्या ज्युलिएट कॉर्बिन यांच्यासह १९८८ मध्ये त्यांनी घरातील या अखंड शुश्रूषेवर ग्रंथ लिहिला.

त्यांचे म्हणणे साधे आहे: दीर्घ आजार हे एक काम आहे, आणि ते तीन प्रकारचे आहे. पहिले आजाराचे काम: औषधे, पथ्य, तपासण्या. दुसरे संसाराचे: स्वयंपाक, कमाई, मुलांच्या शाळा, आजार आला म्हणून ते थांबत नाही. तिसरे आयुष्याची घडी पुन्हा बसवण्याचे. वर्षानुवर्षे समुद्रावर गेलेल्या माणसाला होडीत पाय ठेवू नका असे सांगितले, तर ‘आता मी कोण?’ हा प्रश्न त्याला पडतोच. त्याचे उत्तर कोणत्याही गोळीत नसते. घरात बसलेला तो चिडतो, तेव्हा बहुधा हा प्रश्नच बोलत असतो.

आपल्याकडे स्वमदत गटांनी हे ओळखले आहे. महाराष्ट्रातील मानसिक आरोग्याच्या गटांत आणि पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि काळजीवाहकाला ‘शुभंकर’ म्हणतात. सेवा करणाऱ्यालाही नाव मिळाले, की त्याचा थकवा बोलता येतो.

आपल्या घरी असे दुखणे असेल, तर आज एक कागद घ्या. गोळ्या आणणे, पथ्याचा स्वयंपाक, रुग्णालयाची फेरी, रात्रीची जाग, आलेल्यागेलेल्यांना उत्तरे देणे, ही सारी कामे लिहा आणि प्रत्येकासमोर करणाऱ्याचे नाव लिहा. पुष्कळ घरांत एकच नाव वरपासून खालपर्यंत उतरलेले दिसेल, आणि ते बहुधा घरातील स्त्रीचे असेल. त्यातली दोन कामे दुसऱ्या कोणी उचलावीत. एखादे काम रुग्णालाही द्यावे: गोळ्यांची वही सांभाळणे, नातवाला जाळे विणायला शिकवणे. आपला अजून उपयोग आहे, ही जाणीव त्याला उभारी देते.

आणि पुढच्या तारखेला सोबतीला दुसरे कोणी जावे. ‘शुभंकर’ही एक दिवस विसावा घेऊ दे.