घर घेताना एजंटच्या कमिशनमधला वाटा: मागायचा कधी, आणि कसा?

आपल्या समाजात घराची खरेदी बहुतेक वेळा ओळखीच्या माणसामार्फत होते. मशिदीत भेटणारा कुणी, मामूंचा दोस्त, नाहीतर मोहल्ल्यातला इस्टेट एजंट. काही सोसायट्यांत आपलं नाव ऐकूनच ‘फ्लॅट गेला’ असं सांगतात, हा अनुभव अनेक कुटुंबांना आहे. म्हणून जो दार उघडून देतो त्याच्याशी पैशाचं बोलायला आपल्याला संकोच वाटतो. मुंब्रा असो, मीरा रोड असो की कोंढवा, हा संकोच आम्ही सगळीकडे पाहतो. आणि याच संकोचात लाख-दीड लाख रुपयांचा प्रश्न कुणी विचारतच नाही.

बिल्डरचा नवा प्रकल्प दाखवणारा एजंट सांगतो, “भाईजान, तुमच्याकडून एक पैसा नको, माझी दलाली बिल्डर देतो.” हे खरंही असतं. अशा एजंटला आजकाल ‘चॅनल पार्टनर’ म्हणतात. फ्लॅट विकला गेला की बिल्डर त्याला किमतीच्या साधारण 2 ते 5 टक्के देतो. प्रकल्प नवा असेल किंवा खपत नसेल तर टक्केवारी वाढते. पण बिल्डर हे पैसे आणतो कुठून? फ्लॅटच्या किमतीतूनच. म्हणजे दलाली आपण देतच असतो, फक्त ती आपल्या हातून जात नाही इतकंच.

गणित साधं आहे. 60 लाखांचा फ्लॅट आणि 3 टक्के कमिशन म्हणजे एजंटला 1 लाख 80 हजार. स्पर्धा वाढल्यामुळे बरेच एजंट यातला काही भाग घेणाऱ्याला परत द्यायला तयार असतात. कुणी त्याला पासबॅक म्हणतो, कुणी कॅशबॅक. 1 टक्का जरी सोडला तरी 60 हजार होतात. एवढ्यात घराचं रंगकाम आणि किचनचा ओटा होऊन जाईल.

पण हे मागायची एक वेळ असते, आणि ती साइट बघायला जाण्याच्या आधीची. बिल्डरच्या ऑफिसात गेलं की पहिलं काम म्हणजे फॉर्म भरणं. तुम्ही कुणामार्फत आलात ते त्यात लिहिलं जातं आणि पुढे काही आठवडे तुम्ही त्याच एजंटचे ग्राहक ठरता. ‘आधी बघून तर येऊ’ म्हणून स्वतःच गेलात आणि ‘डायरेक्ट’ अशी नोंद झाली, तर मागाहून एजंट आणून उपयोग नाही. बिल्डर त्याला कमिशन देणार नाही, मग तो तुम्हाला काय देणार? डायरेक्ट गेल्यावर बिल्डर तेवढी किंमत कमी करेल हा समजही बऱ्याचदा खोटा ठरतो. कमी करा म्हणून सांगावंच लागतं, आणि तेही बुकिंगचा चेक देण्याआधी.

वाटा घ्यायचा कसा, हा खरा मुद्दा. एक रस्ता म्हणजे एजंटने नंतर आपल्या खात्यात पैसे टाकायचे. दुसरा म्हणजे एजंटने बिल्डरला सांगून आपलं कमिशन 1 टक्क्याने कमी करून घ्यायचं आणि तेवढी फ्लॅटची किंमत अ‍ॅग्रीमेंटमध्येच उतरवून घ्यायची. आमच्या मते दुसरा रस्ता चांगला. ठाण्यासारख्या शहरात मुद्रांक शुल्क 7 टक्के आहे, आणि बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी साधारण 5 टक्के (छोट्या, परवडणाऱ्या घरांना 1). किंमत 60 हजारांनी उतरली की मुद्रांक शुल्काचे 4,200 आणि जीएसटीचे 3,000 असे आणखी 7,200 वाचतात. मात्र सरकारी रेडी रेकनरचा दर अ‍ॅग्रीमेंटच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर मुद्रांक शुल्क त्या दरानेच लागतं. तिथे 4,200 ची बचत होणार नाही. (घर फक्त बायकोच्या, आईच्या किंवा बहिणीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. ही गोष्टही फार घरांना माहीत नसते.) किंमत उतरली की कर्जही तेवढं कमी लागतं. सूदपासून जमेल तितकं दूर राहायचं म्हणून पै-पै जमवणाऱ्या कुटुंबाला ही बाब छोटी नाही.

पहिल्या रस्त्यात अडचणी जास्त. बिल्डर एजंटचं कमिशन लगेच सोडत नाही. अ‍ॅग्रीमेंटची नोंदणी होऊन ठराविक रक्कम जमा झाली की मगच देतो, कधी कधी महिने जातात. तोवर एजंट फोन उचलायचा बंद झालेला असतो. शिवाय नातेवाईक नसलेल्या माणसाकडून वर्षात 50 हजारांहून जास्त रक्कम मोबदल्याशिवाय मिळाली तर ती करपात्र उत्पन्न धरली जाते. म्हणून खात्यात आलेली रक्कम कशाबद्दलची आहे ते कागदावर असलं पाहिजे. पैसे रोख घेऊ नका, आणि रक्कम मोठी असेल तर सीएला विचारून घ्या.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगतो. काही एजंट सुचवतात, “अ‍ॅग्रीमेंट 65 लाखांचं करू, बँक जास्त कर्ज देईल, वरचे 5 लाख मी तुम्हाला परत मिळवून देतो.” हा कमिशनमधला वाटा नाही. ही बँकेची फसवणूक आहे, तिच्या कागदांवर सही तुमची असते, आणि हप्ताही 65 लाखांच्या हिशेबाने तुम्हालाच भरायचा असतो.

दलालीचे पैसे हलाल आहेत का, असं आम्हाला पालकसभेनंतरसुद्धा विचारलं जातं. दलालाची मजुरी ही फिक्हच्या किताबांतली जुनी चर्चा आहे. इमाम बुखारींच्या हदीससंग्रहात दलालाच्या मोबदल्यावर वेगळा बाब आहे आणि तो मोबदला जायज मानणाऱ्या ताबिईन बुजुर्गांची नावं तिथे आहेत. आक्षेप येतो तो लपवाछपवीला. एजंट बिल्डरचा माणूस म्हणून उघडपणे काम करत असेल तर त्याचं कमिशन त्याचं आहे. त्यातून काही सोडणं ही त्याची खुशी आणि आपसातला करार. पण तो ‘मी तुमच्या बाजूने भाव पाडून देतो’ म्हणून तुमच्याकडून फी घेतो आणि तिकडून बिल्डरचंही कमिशन गुपचूप घेतो, तेव्हा अमानतीचा सवाल येतो. आपल्या व्यवहाराचा नेमका मसला मुफ्तीसाहेबांना विचारा, पण विचारताना कोण कुणाकडून किती घेतो हे सगळं सांगा, अर्धं नको.

अमानत दोन्हीकडून असते, हेही खरं. एजंटने चार रविवार आपल्याला फिरवायचं, अम्मीला जिना चढवत नाही म्हणून लिफ्टवाली इमारत शोधायची, आणि आपण शेवटी भावाच्या नावाने डायरेक्ट बुकिंग करून त्याला डावलायचं, हे आपल्याकडे चालाखी म्हणून सांगितलं जातं. त्यात त्या माणसाची मजुरी बुडते. वाटा मागायचा तर काम सुरू होण्याआधी मागावा. तो नाही म्हणाला तर दुसरा एजंट बघावा.

परतावा मोठा दिसला की फ्लॅट चांगला वाटायला लागतो, तिथेही सांभाळा. समजा एजंट 2 लाख परत देतोय, पण शेजारच्या तशाच इमारतीपेक्षा इथला दर चौरस फुटाला 300 रुपयांनी जास्त आहे. 650 चौरस फुटांना ते 1 लाख 95 हजार झाले. म्हणजे हातात उरले 5 हजार. ज्या प्रकल्पात कमिशन जास्त तिकडेच एजंट तुम्हाला पुन्हा पुन्हा नेणार, हे मानवी आहे. तुम्ही मात्र आधी महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, ताबा देण्याची तारीख आणि चालू असलेले खटले बघा. नोंदणीच नसलेल्या इमारतीत कितीही परतावा मिळाला तरी तो महागच पडेल. नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट विकणाऱ्या एजंटलाही महारेराची नोंदणी लागते. त्याचा क्रमांक मागायला लाजू नका.

जुना, म्हणजे रिसेलचा फ्लॅट असेल तर हिशेब वेगळा. तिथे बिल्डर नाही. दलाली तुम्ही स्वतः देता, 1 किंवा 2 टक्के, आणि बहुतेक वेळा विकणाराही देतो. इथे परत काही मागायचं नसतं, टक्केवारी आधीच कमी ठरवायची. ठरलेली रक्कम जीएसटी धरून की वेगळी, एवढं विचारून ठेवा. नोंदणीकृत एजंट असेल तर दलालीवर 18 टक्के जीएसटी लागतो.

बोलणं सुरू कसं करायचं? साइटवर जाण्याआधी एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच लिहा: “सलाम. या प्रकल्पात तुम्हाला बिल्डरकडून किती टक्के मिळतात? त्यातला 1 टक्का आमच्या अ‍ॅग्रीमेंटच्या किमतीत कमी करून मिळेल का? नसेल तर खात्यात किती आणि कधी देणार? बुकिंग रद्द झालं तर काय?” जे उत्तर येईल ते जपून ठेवा, आणि बुकिंगच्या दिवशी तेच साध्या कागदावर दोघांच्या सहीने, एजंटच्या महारेरा क्रमांकासह लिहून घ्या. अ‍ॅग्रीमेंटची नोंदणी होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, त्यामुळे घाईने मोठा चेक देऊ नका. एजंटने रेरा कायदा मोडून फसवलं तर त्याच्याविरुद्धही महारेराकडे तक्रार करता येते, आणि तिथे पहिल्यांदा हाच कागद मागितला जाईल.